निळ्या ड्रिलचा लंडनी कोट

जयसिंग ओव्हाळला येत होते ते सगळे इंग्रजी शब्द कारखान्यातले. टूल, जॉब, टॉलरन्स, रिजेक्ट, ओव्हरटाइम. तेवढ्या भांडवलावर त्यानं लंडनच्या चोरांचे होते नव्हते तेवढे सिनेमे पाहिले, आणि पाहिले ते पाहिले, वर आम्हाला समजावूनही सांगितले.

हे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचं सांगतोय. पिंपरीपासून चिंचवडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले होते आणि घराघरातला एक तरी माणूस भोंग्यावर उठत होता. आमची कंपनी गिअर बनवायची. जयसिंग तिथं लेथवर. सांगवीचा पोरगा, औंधच्या आयटीआयतनं टर्नर होऊन आलेला. बाप सोनबा खडकीला लष्कराच्या डेपोत हमाल. जयसिंग उंच, हडकुळा, मानेवर केस राखलेला, आणि तोंड कायम चालू. मशीन बंद पडेल, त्याचं तोंड बंद पडायचं नाही. आमचे फोरमन अर्जुनराव म्हणायचे, "याला वंगण द्यायची गरजच न्हाई, ह्यो आपला आपुन घालून घेतो."

दर रविवारी सकाळी तो सायकल हाणत पुण्याच्या कॅम्पात जायचा. तिथल्या एका थेटरात सकाळचा इंग्रजी खेळ लागायचा. मग सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्याचं टेबल भरायचं. चहाचे ग्लास म्हणजे मोटारी, मिठाची वाटी म्हणजे बँक, आणि भाकरीचा तुकडा म्हणजे पोलीस. पोलीस बहुतेक वेळा गोष्ट संपायच्या आत कुणीतरी खाऊन टाकायचं.

"आपल्या हिंदी शिनिमातला व्हिलन बघा," जयसिंग सुरू करायचा. "पांढरे बूट, मांडीवर कुत्रं, आन् नुसता वरडतोय. का वरडतोय? कारण त्याला काम येत न्हाई. लंडनचा चोर वरडत न्हाई. बँक फोडायच्या आधी सवताच्या हातानं चहा करतो. कपात वततो. खाली बशी. घाई न्हाई."

"चहा पिऊन बँक फुटत असती तर आमी कवाच चाकणची सोसायटी फोडली असती," खंडू म्हणायचा. खंडू शेजारच्या लेथवर. चाकणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कांदा काढायच्या दिवसांत हमखास आजारी पडणारा.

"कोट हाय का तुझ्याकडं?"

"न्हाई."

"मग खाली बस."

टेबल हसायचं. पण जयसिंगचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. तो म्हणायचा, "सहा माणसं असत्यात. एक गाडीवाला, एक कुलूपवाला, एक नुसता कोपऱ्यावर पेपर धरून उभा. ज्याचं काम त्यानंच करायचं. कुलूपवाला गाडीला हात लावणार न्हाई, गाडीवाला कुलपाकडं बघणार न्हाई. हातात घड्याळ, समोर नकाशा. अरं, आपलंच डिपार्टमेंट हाय राव ते! फक्त फोरमन त्यास्नी बरा मिळालाय."

"कोण मिळालाय म्हणलास?" अर्जुनराव नेमके मागं उभे असायचे.

"काय न्हाई मामा. लंडनचं चाललंय."

"शेवटी सापडत्यात का न्हाई ते चोर?"

"सापडत्यात की. पण सापडताना आधी कोटाची बटनं लावत्यात."

हे तो असं काही सांगायचा, की चोरी, बँक, पोलीस बाजूला राहायचे आणि आम्ही सगळे त्या बटनांचा विचार करत मशीनवर जायचो. दिवसभर तेलात बुडालेल्या माणसाला, एवढा मोठा धंदा करूनही ज्याच्या बाहीवर डाग नाही असा माणूस देवापेक्षा कमी वाटत नाही. जयसिंगला तर तो कोट झोपेत दिसायला लागला होता. दुहेरी छातीचा, सहा बटनी, खाली जाकीट.

त्याच्या घरात कोट ही काही परकी वस्तू नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांची सुटातली तसबीर होती, त्यामुळं कोट फक्त साहेबानं घालायचा असतो हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. जयसिंग मात्र दोन्हींत गल्लत करायचा नाही. "त्यो कोट विद्येचा. त्याच्या वाटंला जायची आपली लायकी न्हाई. ह्यो नुसता माझ्या हौशीचा," असं तो स्वच्छ सांगायचा.

अडचण एवढीच होती, की हौसेची वेळ चुकीची होती. जयसिंग प्रोबेशनवर होता. सहा महिने फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी भरत होते. त्यानंतर एक तर परमनंटचं पत्र, नाही तर गेटबाहेर. आणि त्या पत्राला नुसती नोकरी टांगलेली नव्हती. दापोडीच्या साहेबरावांची मुलगी नीला त्याला पसंत होती, नीलालाही तो पसंत होता, साहेबरावांना दोघंही पसंत होते. पण ते म्हणाले होते, "पोरगं झ्याक हाय. पत्र दाखवा, तारीख धरतो. पत्राबिगर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघणार न्हाई."

आता कापडाचं सांगायला हवं. दर जानेवारीत कंपनी प्रत्येकाला निळ्या ड्रिलचं कापड द्यायची, दोन शर्ट आणि दोन पँटींचं. शिवून घ्यायचं ज्याचं त्यानं. नोटीस बोर्डावर कागद लागायचा: फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून कंपनीच्या कापडाचा गणवेश अंगात नसेल त्याला गेटात घेतलं जाणार नाही. शिंपी कापड वाचवायचा आणि उरलेल्याचं काय व्हायचं ते सगळ्या पिंपरीला ठाऊक होतं. बाजाराच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, पोरांच्या चड्ड्या. दोरीवरची धुणी बघून कुणाचा नवरा कुठल्या कंपनीत, ते कळायचं.

जयसिंगनं हिशोब असा केला, की एक शर्ट-पँट अंगावर, आणि उरलेल्या कापडात एक कोट. गणवेश रोज संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. हा हिशोब घेऊन तो पिंपरी कॅम्पात टेकचंद मास्तरकडं गेला.

टेकचंद फाळणीत कराचीहून आलेला. पत्र्याच्या दुकानात पंचवीस वर्षं लेंगे आणि कारखान्याचे गणवेश शिवत बसलेला. 'कोट' हा शब्द ऐकल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला.

"डबल ब्रेस्ट?"

"व्हय."

"साईं, कराची में मैंने गोरे साहब लोगों का कोट सिया है. यहाँ किसी ने पूछा ही नहीं." आणि जरा वेळानं, "नमूना किधर है?"

नमुना कॅम्पात होता. पुढच्या रविवारी जयसिंगनं म्हाताऱ्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि सकाळच्या खेळाला नेलं. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, मोटारी उलटत होत्या, आणि टेकचंद जयसिंगच्या बरगडीत कोपर मारून म्हणत होता, "कॉलर देख, कॉलर! अरे, यह हिलता क्यों है?" चोरांचा म्होरक्या मेला तेव्हा सगळं थेटर चुप झालं. टेकचंद तेवढा मोठ्यानं बोलला, "कोट की पीठ पे एक सिलवट नहीं आई." पुढच्या रांगेतल्या पारशी बाईनं मागं वळून बघितलं. बाहेर आल्यावर मास्तरनं आपला निकाल दिला. "वह चोर कुछ भी नहीं. उसका दर्जी बड़ा आदमी है."

मग व्हायचं तेच झालं. शनिवारी गेला तर मास्तर म्हणाला, उद्या. सोमवारपासून गणवेशाशिवाय गेट बंद, आणि आदल्या रविवारी दुपारी जयसिंग दुकानात पोचला तेव्हा खुंटीवर तीन वस्तू टांगलेल्या होत्या. कोट, जाकीट, पँट. शर्ट नव्हता. दुसरी पँट नव्हती. कापडाचा तुकडा नव्हता.

"मास्तर, माझा गणवेश?"

टेकचंदनं मान खाली घातली. चोरून साखर खाताना सापडलेल्या पोरासारखा तो म्हणाला, "साईं, हाथ रुका नहीं."

जयसिंगनं भांडायला तोंड उघडलं. मास्तरनं मागनं येऊन कोट त्याच्या खांद्यावर चढवला आणि आरशाकडं फिरवलं. भांडण तिथंच राहिलं.

रात्री सोनबानं लेकाला पुढून-मागून बघितलं. "येवढं समदं कंपनीनं दिलं?"

"कापड दिलं."

"आन् उद्या घालायला दुसरं?"

"न्हाई."

म्हाताऱ्यानं बिडी विझवली. मग म्हणाला, "चोरी न्हाई ना केलीस? कापड तुझंच हाय ना? मग घालून जा. ताठ जा मातूर. असल्या कोटात वाकून चालणारा माणूस लई वंगाळ दिसतो."

सोमवारी सकाळी सायकल आत घेताना गेटवरचा वॉचमन खाडकन उठला आणि त्यानं सलाम ठोकला. जयसिंगनं मान हलवली. मग तो कार्ड पंच करायच्या रांगेत जाऊन उभा राहिला तेव्हा वॉचमन इतका चिडला, की त्यानं दिवसभर कुणालाच सलाम केला नाही. मोठ्या साहेबालाही नाही.

शॉपमध्ये पन्नास लेथ एकदम हळू झाले.

"अगागा!" खंडू म्हणाला. "बँक कुठली फोडायची राव? मी येतो. पेपर धरून उभा ऱ्हातो."

"जाग्यावर जा," अर्जुनराव ओरडले. मग जवळ येऊन, हळू आवाजात, "जयसिंगा, आठवडा ऱ्हायलाय रं सहा म्हैन्याला. तुझ्या डोक्यात काय लेथवरच्या लोखंडी चिप्स भरल्यात काय? आन् असली बाही मशीनीत घावली तर खांद्यापासनं जाईल."

जयसिंगनं कोट काढला, उलटा घडी घालून स्वच्छ कपाटावर ठेवला आणि जाकिटात कामाला उभा राहिला. आत बापाचा पांढरा शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. टाय त्यानं मुळात लावलाच नव्हता. लेथवरच्या माणसाला गळ्याची किंमत कळते. अर्जुनरावांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, कुठं काही लोंबतंय का बघितलं. काही लोंबत नव्हतं. उलट खंडूच्या शर्टाचं टोक बाहेर लोंबत होतं, त्यावरून खंडूनं शिव्या खाल्ल्या.

दहा वाजता पर्सोनेल साहेबांचं बोलावणं आलं.

हे साहेब पुण्याचे, सदाशिव पेठेतले. त्यांना शिस्त फार. संध्याकाळी बॅडमिंटन खेळायचे आणि कामगारांना 'तू' म्हणायचे. जयसिंगनं कोट चढवला, सहाही बटनं लावली आणि निघाला. खंडू मागनं म्हणाला, "भावा, आज एकच दिवस तोंड बंद ठिव. एकच. तुझ्या पाया पडतो."

पुढचं आम्हाला साहेबांच्या शिपायानं सांगितलं. तो त्या वेळी आतबाहेर करत होता, आणि जिथं करत नव्हता तिथं दाराला कान लावून होता.

"ओव्हाळ, तू..." साहेबांनी मान वर केली, कोट पाहिला आणि वाक्य अडकलं. "तुम्ही... बसा आधी."

त्या खुर्चीवर आजवर एकही कामगार बसला नव्हता. जयसिंग बसला.

"हे काय आहे?"

जयसिंग गप्प.

"मी विचारतोय, हे काय सोंग आहे? कंपनीनं कापड गणवेशासाठी दिलंय. त्याचं दुसरं काहीही शिवणं म्हणजे कंपनीच्या मालाचा गैरवापर. कळतं का तुला? तुम्हाला?" साहेबांनी ड्रॉवर उघडून एक टाईप केलेला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबला. "हे तुमचं पत्र. सही झालेली आहे. पण प्रोबेशनवरच्या माणसाला घरी पाठवायला मला कारण लागत नाही, आणि तुम्ही तर कारण अंगावर घालून आलाय. बोला. काय म्हणायचंय?"

जयसिंगनं साहेबांच्या तोंडावरची नजर काढली आणि खिडकीकडं बघितलं. खिडकीला निळ्या ड्रिलचा पडदा होता.

"तो ऑफिसचा आहे," साहेब म्हणाले.

जयसिंगनं पडद्यावरनं नजर खाली आणली. साहेबांच्या खुर्चीत पाठीला एक गुबगुबीत उशी होती. निळं ड्रिल, कडेला पांढरी गोट.

"ही... माझ्या पाठीचं दुखणं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

नजर आणखी सरकली. कोपऱ्यातल्या स्टुलावर जेवणाच्या डब्याची पिशवी. निळं ड्रिल. तिच्या शेजारी भिंतीला टेकवलेली बॅडमिंटनची रॅकेट. रॅकेटला गवसणी, निळ्या ड्रिलची, वर साहेबांच्या नावाची अक्षरं भरतकामात काढलेली. जयसिंग त्या भरतकामाकडं बघत राहिला.

साहेबही तिकडं बघायला लागले.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन गेला. कप एकच होता. त्यानं दोघांकडं बघितलं, कोट कुणाच्या अंगात आहे ते पाहिलं आणि कपबशी जयसिंगपुढं ठेवली. आपली चूक त्याच्या लक्षात आली तोवर जयसिंगनं बशीसकट कप उचलला होता. तो चहा प्यायला. सावकाश. एक शब्द न बोलता.

"हे बघा ओव्हाळ," साहेबांचा आवाज आता बराच मऊ झाला होता. "ते उरलेलं कापड असतं. वाया जाण्यापेक्षा... म्हणजे तत्त्व म्हणून मी म्हणत होतो." थोडं थांबून, "जाकीट तसं सोयीचंच दिसतंय. बाही नाही, लोंबत नाही. कोट मशीनवर घालायचा नाही. पुढच्या जानेवारीत सरळ शर्ट-पँट शिवायची. आणि या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर काढायचं नाही."

बोलणं एकाच माणसानं केलं होतं. त्यामुळं जयसिंगला हे कबूल करणं जड गेलं नाही.

साहेबांनी तळहात उचलला. पत्र इंग्रजीत होतं. जयसिंगनं बोट फिरवत एकच शब्द शोधला, तो तिसऱ्या ओळीत सापडला. मग साहेबांचं पेन घेऊन त्यानं पोच म्हणून खाली सही केली, जयसिंग सोनबा ओव्हाळ, पुरी, बापाच्या नावासकट. उठला, कोटाची खालची कड ओढून सारखी केली आणि बाहेर पडला.

ऑफिसची भिंत काचेची होती, त्यामुळं तो लांबपर्यंत दिसत होता. शिपाई म्हणतो, अशी चाल त्यानं कंपनीच्या मालकाचीही बघितली नव्हती. काचेची भिंत संपली, कॉम्प्रेसरची खोली आली, आणि जयसिंग कोपऱ्यामागं दिसेनासा झाला.

मग आम्हाला किंकाळी ऐकू आली.

शॉपमध्ये तशी किंकाळी एकाच कारणानं येते. मशीनं बंद झाली. अर्जुनराव औषधाची पेटी घेऊन धावले, त्यांच्यामागं खंडू, खंडूमागं आम्ही. कॉम्प्रेसरच्या मागं जयसिंग जमिनीवर बसला होता, पाय लांब करून, त्या कोटासकट तेलकट फरशीवर, आणि आभाळाकडं तोंड करून बोंब ठोकत होता.

"बोट गेलं का रं? कुठलं? दाव आधी!" अर्जुनरावांनी त्याचे दोन्ही हात धरून बोटं मोजली. दहा भरली.

"मामा," जयसिंगला श्वास घेता येईना, "मामा, परमनंट!"

अर्जुनरावांनी पेटी खाली ठेवली. त्यांनी पत्र घेऊन उलटसुलट बघितलं, शिक्का बघितला आणि हात पँटीला पुसून परत दिलं. खंडू जयसिंगच्या पाठीत धपाधपा मारत होता.

"पण तू बोल्लास काय साहेबाला? आं? एवढं कसं वळवलंस?"

"काय बोलणार?" जयसिंगचं तोंड आता सुटलं होतं, आत साठलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. "नरडं कोरडंठाक! जीभ टाळूला चिकटलेली. समद्या शिनिमातली समदी वाक्यं इसरलो. त्याच्या तोंडाकडं बघवंना रं, म्हणून पडद्याकडं बघितलं. पडद्याकडं बघितलं तर त्योच बोलाय लागला. मला वाटलं, आता काय खरं न्हाई, म्हणून उशीकडं बघितलं. तर उशीचं सांगाय लागला! रॅकेटवर तर मी नुसतं त्याचं नाव वाचत व्हतो, अक्षरं जुळवून, येळ जावा म्हणून. चहा आला म्हणून वाचलो, न्हाईतर तिथंच घेरी आली असती. साहेबरावांना निरोप धाड खंडू, आजच्या आज. म्हणावं, कॅलेंडर खाली काढा!"

"उठ," अर्जुनराव म्हणाले. "आर्धा तास पन्नास मशीनी हुब्या हायत तुझ्यापायी. आन् फरशीवर बसतोस व्हय त्यो कोट घालून? येडपट."

त्यांनी स्वतः हात देऊन त्याला उभं केलं. कोटाच्या मागं तेलाचा हा एवढा डाग पडला होता. अर्जुनरावांनी खिशातली चिंधी काढून तो पुसायला घेतला. पुसता पुसता त्यांची बोटं खांद्याच्या शिवणीवर गेली, तिथनं कॉलरवर, आणि तिथंच रेंगाळली. आम्ही सगळे आपापल्या मशीनकडं वळलोय असं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"जयसिंगा, माझं दुसऱ्या जोडाचं कापड अजून घरीच हाय. शिवायचं ऱ्हायलंय. तुझा त्यो सिंधी मास्तर जाड माणसाचं माप घेतो का रं?"